चिंच लावू नका

तांबं आणि चिंच ही आपल्या घरांतली जुनी जोडी. हंडा काळवंडला, चिंच लावा. पूजेची पळी हिरवट पडली, चिंच लावा. आमच्याकडे लग्नाची देग आणि दादीचा तांब्याचा बधना याच चिंचेनं उजळायचा, वर मीठ आणि चुलीतली राख. भांड्याच्या बाबतीत यात काही चूक नाही. भांडं वापरायचं असतं, हिरवं होऊ द्यायचं नसतं, आणि घासून घासून पातळ झालंच तर तांबटाकडे जाऊन नवं घेता येतं. गडबड होते ती हीच सवय नाण्यावर चालवली की. जुनं तांब्याचं नाणं हातात आलं की दहातल्या नऊ माणसांच्या तोंडी पहिलं वाक्य येतं, "जरा घासूया, मग दिसेल काय लिहिलंय." आणि घासल्यावर बहुतेक वेळा काहीच लिहिलेलं उरत नाही.

नवी पेठेत अब्बांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. कपड्यांच्या आणि मोबाइलच्या दुकानांमध्ये दाबून बसलेली सहा फुटांची जागा. डोळ्याला लावायचा आयग्लास त्यांच्याकडे होता म्हणून लोक नाणी घेऊन यायचे. अक्कलकोटहून, मंगळवेढ्याहून, पलीकडे तुळजापूर-नळदुर्गहून बाजाराला आलेली माणसं खिशातून फडक्याची पुरचुंडी काढायची आणि विचारायची, "मियाँ, हे काय आहे बघा." अब्बांना घड्याळातलं कळायचं, नाण्यांतलं फारसं नाही. पण ते बघायचे, आणि ते बघतात म्हणून मीही बघायला लागलो. आता दुकान नाही, आयग्लास आहे. पुरचुंड्या अजून येतात.

त्यांतून जे निघतं ते म्हणजे या मुलखाचा इतिहासच, फक्त क्रम विस्कटलेला. गुलबर्गा आणि बीदर जवळ, म्हणून बहमनी तांबं. विजापूर शंभरेक किलोमीटरवर, म्हणून आदिलशाही. सोलापूरचा किल्ला तर आदिलशहा आणि निजामशहा यांच्यात हुंड्याच्या भांडणाचा विषय होता, त्यामुळे अहमदनगरची नाणीही अधूनमधून दिसतात. मग शिवराई: एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्र पति', भोवती ठिपक्यांचं कडं. पुढच्या काळातली दुदांडी. कंपनी सरकारचा 1835 चा पाव आणा, जो इतका निघतो की लोक तो दाखवताना लाजतात. शेजारी निजामाचं राज्य होतं म्हणून हैदराबादच्या पै. आणि 1943 ते 1947 मधला भोकाचा पैसा, जो पोरांच्या करगोट्यात आणि गळ्यातल्या ताईताच्या दोऱ्यात ओवलेला असायचा.

दोन वर्षांपूर्वी फुफीनं बोलावलं. फुफीनं आयुष्यभर विड्या वळल्या. तिच्या सासूचा एक बटवा तंबाखूच्या पत्र्याच्या डब्यात पडून होता, त्यात तेवीस नाणी. तिच्या नातवाला मोबाइलवर कोणीतरी गाठलं होतं. फोटो पाठवा, तीन लाख मिळतील; फक्त नाणी चकचकीत हवीत, आणि नोंदणीचे अडीच हजार आधी भरा. पावसाळ्याआधी छपराचे पत्रे बदलायचे होते, त्यामुळे घरात त्या तीन लाखांचे हिशेबही होऊन गेले होते. नातवानं एक शिवराई चिंच-मिठात रात्रभर बुडवून ठेवली होती. सकाळी ती गुलाबी होऊन बाहेर आली. नव्या वायरीच्या तांब्यासारखी. 'श्री' चा थोडा फुगवटा, बाकी सपाट.

फोनवरच्या माणसाचं आधी सांगतो. हा धंदा जुना आहे. 2021 च्या ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेनं जाहीर इशाराच दिला होता की जुन्या नाणी-नोटांच्या खरेदी-विक्रीत बँक पडत नाही, त्यासाठी कसलं शुल्क किंवा कमिशन मागत नाही आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही. आधी पैसे मागणारा माणूस नाण्यांचा व्यापारी नसतो. साधी शिवराई बाजारात काही शे रुपयांना मिळते. दुर्मीळ ठशाची असेल, अक्षरं पूर्ण असतील, तर जास्त. आणि ती दुर्मीळ आहे की नाही हे ज्यावरून ठरतं, तेच चिंचेत विरघळतं.

हे कसं होतं ते नीट सांगितलं पाहिजे, कारण 'घासू नका' एवढं म्हटलं की लोकांना ते आळशाचं तत्त्वज्ञान वाटतं.

नाणं जमिनीत किंवा ओलीत पडून राहिलं की तांबं हवेशी, पाण्याशी, मातीतल्या क्षारांशी संयोग पावतं. धातूला लागून तांबूस-लाल थर बसतो, त्याला क्युप्राइट म्हणतात. त्याच्यावर हिरवा मॅलकाइट, क्वचित निळा ॲझुराइट. आपण याला 'गंज' किंवा 'कळक' म्हणतो आणि तो नाण्यावर बसलेला मळ आहे असं समजतो. तो मळ नाही. तो नाण्याचाच भाग आहे, तांबंच आहे, रूप बदललेलं. अक्षरांची मूळ उंची पुष्कळदा या थरांतच टिकलेली असते. आतला धातू त्या उंचीपर्यंत शिल्लकच नसतो. चिंचेतलं टार्टारिक आम्ल किंवा लिंबातलं सायट्रिक आम्ल हा सगळा थर विरघळवतं. खालून निघतो तो खडबडीत, खड्डे पडलेला धातू. म्हणजे आपण अक्षरावरची धूळ काढत नाही, अक्षरच काढतो.

दख्खनच्या तांब्याच्या नाण्यांवर तर हे जास्तच लागतं. ठसा मोठा आणि चकती लहान, वर हातोड्याचा घाव पडेल तसा. त्यामुळे पूर्ण मजकूर एका नाण्यावर क्वचितच येतो. कुठे राजाचं अर्धं नाव, कुठे टांकसाळीच्या गावाची दोन अक्षरं कडेला. त्या दोन अक्षरांवर सगळी ओळख. शिवराईवर कुठे 'शिव' आहे, कुठे 'सिव', कुठे 'शीव'. 'छत्र पति' च्या ओळी वेगवेगळ्या तोडलेल्या. एका वेलांटीवरून ठसा कोणता ते ओळखतात. ती वेलांटी जाडीला केसाएवढी असते. तिच्यावर तारेचा ब्रश फिरवायचा म्हणजे काय करायचं याचा विचार करा.

मीठ त्याहून वाईट. मिठातलं क्लोराइड तांब्याच्या बारीक छिद्रांत जाऊन बसतं आणि तांब्याबरोबर एक क्लोराइड तयार करतं. हवेत ओल आली की ते पाण्याशी आणि प्राणवायूशी मिळून फिक्या हिरव्या भुकटीत बदलतं. त्यात आम्ल सुटतं, ते आम्ल पुढचं तांबं खातं, त्यातून पुन्हा तेच क्लोराइड. हे चक्र आपोआप थांबत नाही. याला कांस्यरोग म्हणतात, पण तो तांब्यालाही होतो. आमच्या सोलापूरला उन्हाळाभर हवा कोरडी भट्टीसारखी, तेव्हा नाणं शहाण्यासारखं पडून राहतं. जून-जुलैत ढग आले की त्याच नाण्यावर पिठासारखे ठिपके फुटतात. हवेतली आर्द्रता 42 ते 46 टक्क्यांच्या पुढे गेली की हा रोग जागा होतो.

चांगला हिरवा आणि आजारी हिरवा यांतला फरक ओळखणं हे या कामातलं अर्धं ज्ञान. चांगला थर घट्ट असतो, गडद असतो, गुळगुळीत असतो, लाकडी काडीनं टोचला तर हलत नाही. आजारी ठिपका फिका, भुरभुरीत, काडी लावली की पीठ पडतं, आणि झाडून टाकला तरी आठवड्यानं पुन्हा त्याच जागी येतो. पहिल्याला हात लावायचा नाही. दुसरा दिसला तर नाणं आधी बाकीच्यांपासून वेगळं करून कोरड्यात ठेवायचं.

तर फुफीची बावीस नाणी (तेविसावी गुलाबी झालेली) मी घरी आणली. नातवाला म्हटलं, तूही ये. तो आला, थोडा फुगलेला होता. पहिलं काम फोटो: प्रत्येकाच्या दोन्ही बाजू, शेजारी पट्टी. दुसरं काम वजन, सोनाराच्या छोट्या काट्यावर, कारण वजन हाही पुरावा आहे आणि पुढे काय केलं याचा हिशेबही. मग प्रत्येकाला वेगळं कागदी पाकीट, वर नंबर. त्यानं विचारलं, "साफ कधी करायचं?" मी म्हणालो, बऱ्याच नाण्यांना करायचंच नाही. बावीसपैकी चौदा अशीच ठेवली. कोरड्या मऊ ब्रशनं धूळ झाडली, बस.

बाकीच्या आठांवर माती चिकटली होती. त्यांना पाणी. पण नळाचं नाही. आमच्या नळाच्या पाण्यात क्षार किती हे सोलापूरकरांना बादल्यांच्या कडा पाहून माहीत आहे. डिस्टिल्ड वॉटर घ्यायचं. गॅरेजवाल्याकडे 'बॅटरीचं पाणी' म्हणून मागाल तर बाटलीवर नीट वाचा, आम्ल हातात पडायला नको. काचेच्या वाटीत एकेक नाणं वेगळं, वर झाकण, दोन-तीन दिवसांनी पाणी बदलायचं. पाण्याबाहेर काढलं की आयग्लासखाली धरून बांबूच्या दातकोरणीनं सैल झालेला मातीचा कण उचलायचा. खरवडायचं नाही, उचलायचं. निघत नसेल तर पुन्हा पाण्यात. घड्याळजीच्या पोराला हे जमतं. अब्बा स्क्रूला 'तो स्वतः सुटला पाहिजे' म्हणायचे. हात साबणानं धुऊन पुसलेले, नाणं कडेनं धरायचं, खाली मऊ टॉवेल, कारण सुटतंच.

तेलकट डाग किंवा जुन्या अल्बमचा चिकटा असेल तर ॲसिटोन, खिडकी उघडून आणि गॅस बंद करून. तो तांब्याच्या थराला खात नाही, फक्त तेल आणि चिकटा नेतो. नेलपॉलिश काढायचं पाणी मात्र नको, त्यात रंग आणि वास मिसळलेले असतात. धुतल्यानंतर नाणं पूर्ण कोरडं करायचं. ओलं नाणं पाकिटात घालणं म्हणजे रोगाला आमंत्रण.

जे करायचं नाही त्याची यादी मोठी आहे आणि सगळी मोबाइलवरच्या व्हिडिओत सापडते. कोला, व्हिनेगर, टूथपेस्ट, भांड्याची पावडर, बॅटरीच्या तारा लावून मिठाच्या पाण्यात उकळणं. जुने संग्राहक तेलात बुडवून ठेवा असं सांगायचे. तेलही काळानं आम्ल धरतं आणि थर हळूहळू खातं, शिवाय चिकट होऊन धूळ ओढतं. कांस्यरोगावर प्रयोगशाळेत बेन्झोट्रायझोल वापरतात, पण ते विषारी आहे, स्वयंपाकघराच्या ओट्यावर आणायची वस्तू नाही. नाणं खरंच मोलाचं आणि खरंच आजारी असेल तर संग्रहालयाच्या संवर्धन विभागाकडे विचारावं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात असा विभाग आहे, लखनौला या कामाची राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. नाणं ओळखायचं असेल तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संस्था आहे.

दोन महिने गेले. नातू दर रविवारी यायचा. पहिल्याच दिवशी त्यानं नाण्यांचे दोन ढीग केले होते, एक 'आपला' आणि एक 'त्यांचा'. फारसी अक्षरं इकडे, देवनागरी तिकडे. मी काही बोललो नव्हतो. फुफी त्या दिवशी सोबत होती. तिनं दोन्ही ढीग ओंजळीत घेऊन एकत्र केले आणि म्हणाली, "बजार में दोनो चलते थे." एवढंच. भाजीवाल्याला तांब्याचं वजन कळत होतं, लिपी कळो न कळो.

आठांपैकी अकरा नंबरच्या नाण्यावरची माती सातव्या आठवड्यात सुटली. नातवाला मदरशात शिकलेली अक्षरं येतात. तो आयग्लास लावून एकेक अक्षर जुळवायला लागला. वरचं 'इब्राहिम' लगेच लागलं. खाली: अलिफ, बे, लाम, अलिफ. मग बे, लाम, ये. तो थांबला. "मामू, हे अबला लिहिलंय. अबला तर मराठी शब्द आहे."

अबला बली. विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशहा, 1580 ते 1627 पर्यंत गादीवर होता. स्वतःला जगद्गुरू म्हणवणारा, 'किताब-ए-नौरस' लिहिणारा. त्याच्या तांब्याच्या नाण्यांवर त्याचं नाव असं येतं: इब्राहिम, दुबळ्यांचं बळ. शब्द संस्कृत वळणाचे, लिपी फारसी. मागच्या बाजूला 'ग़ुलाम मुर्तझा अली', अलीचा सेवक. सोन्याच्या नाण्यावर नव्हे, तांब्याच्या. म्हणजे जे नाणं विणकराच्या, तेल्याच्या, विडा-पान विकणारीच्या हातात जाणार त्यावर. हे नाणं नातवाच्या पहिल्या वाटणीत 'आपल्या' ढिगात होतं. त्यानं ते पाकिटात घातलं आणि नंबरापुढे पेन्सिलनं दोन्ही शब्द लिहिले, आधी उर्दूत, मग मराठीत.

फुफीला अर्थ सांगितला तेव्हा ती हसली. म्हणाली, राजे लोक लिहितात खूप.

एका ओळखीच्या, पावती देणाऱ्या व्यापाऱ्याला आम्ही सगळी नाणी दाखवली. त्यानं सहा घेतली. त्या पैशांत दोन पत्रे आले. तीन लाखांचं छप्पर नाही, पण पावसाळा निघाला. गुलाबी शिवराई त्यानं बोटानं बाजूला सारली, काही बोलला नाही. नातवानं ती परत खिशात टाकली. अकरा नंबर विकायचं नाही असं फुफीनंच ठरवलं. कारण दिलं नाही.

आमच्या शेजारच्या काकूंच्या घरी एक शिवराई आहे. चार पिढ्या दर लक्ष्मीपूजनाला तिला चिंच, मग पंचामृत, मग हळदकुंकू. आज ती तांब्याची गुळगुळीत टिकली आहे. 'छत्र' कुठे होतं हे काकू बोटानं दाखवतात, डोळ्यांना दिसत नाही. मला याचा राग येत नाही. नाणं प्रेमानं झिजतं तसं दर्ग्याचा उंबराही झिजतो. पण काकूंकडे दुसरी एक आहे, अक्षरं शाबूत असलेली, आणि ती सुनेला द्यायची आहे. मी चाचरतच विचारलं. काकूंनी त्यावर शोधलेला मार्ग मला कुठल्या पुस्तकात सापडला नसता: ती शिवराई पारदर्शक डबीत चौरंगावर बसते, आणि तिच्या वतीनं आंघोळ घालतात ती शेजारच्या सुपारीला. सुपारी देवाची जागा घेते तर शिवराईची का नाही घेणार, असा त्यांचा सवाल.

ठेवण्याबद्दल थोडं. अल्बमची स्वस्त मऊ पानं पीव्हीसीची असतात, उन्हात धरली की वास येतो. त्यांतून आम्ल सुटतं आणि नाण्यावर हिरवा चिकटा धरतो. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनची पाकिटं घ्यावीत, नाहीतर आम्लरहित कागदाची. रबरबँड लावू नये, त्यातल्या गंधकानं काळी रेघ उमटते. झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल, आणि जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा कोरडं करायचं. खर्च एका जेवणाचा.

आणि शेतात नांगराला नाण्यांचं मडकं लागलं तर? मंगळवेढ्याकडच्या एका गृहस्थांनी मला हे विचारलं होतं, 'समजा' म्हणून. तिकडे ब्रह्मपुरीला औरंगजेबाची छावणी कित्येक वर्षं होती, त्यामुळे असं 'समजा' त्या भागात हलक्यानं घेता येत नाही. 1878 चा निखात निधी कायदा अजून लागू आहे: जमिनीत पुरलेलं, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. शंभर वर्षांहून जुनं नाणं 1972 च्या कायद्यानुसार पुरावस्तू आहे आणि ते देशाबाहेर नेता येत नाही. मी त्यांना कायदा सांगितला आणि वर एक गोष्ट जोडली, मडकं फोडू नका, माती धुऊ नका. कुठलं नाणं कुठल्या नाण्याला चिकटलेलं आहे यावरून ते केव्हा पुरलं हे जाणकार सांगू शकतो. धुतल्यावर उरतो फक्त ढीग. ते गृहस्थ बराच वेळ चहाचा कप फिरवत राहिले. नंतर फोन आला नाही.

अकरा नंबरवर या जूनमध्ये कडेला एक फिका ठिपका दिसला. काडी लावली, किंचित पीठ पडलं. नाणं वेगळ्या डबीत आहे, सिलिका जेल दुप्पट. नातू दर रविवारी येऊन आयग्लास लावतो आणि तारीख लिहून ठेवतो. गेल्या तीन रविवारी त्यानं 'नाही' लिहिलंय. श्रावण अजून जायचा आहे.